मानेचा तुकडा

परवा सुनेने मोबाईलवरून मटण मागवलं. चांगलं थंडगार पाकीट आलं, वर चित्र, चित्रावर लिहिलेलं, 'करी कट'. मी चष्मा लावून ते पाकीट उलटंपालटं केलं आणि तिला विचारलं, "अगं, हा कुठला तुकडा? खांद्याचा, छातीचा, मांडीचा, कुठला?" ती म्हणाली, "आई, करीचा आहे ना. कुकरला चार शिट्ट्या द्यायच्या, झालं." बोकडाला करी नावाचा अवयव असतो हे मला या वयात कळलं. मी काही बोलले नाही. बोलले नाही म्हणजे, थोडंच बोलले. तिने चार शिट्ट्या दिल्या; बरगडीच्या चापेचा पार लगदा झाला आणि नळीजवळचं मटण दाताला दाद देईना. घरातले सगळे झकास झकास करत जेवले. मी मात्र ताटावर बसल्या बसल्या आमच्या बोरिवलीच्या जुन्या चाळीत जाऊन पोहोचले, जिच्या जागी आता हाच आमचा टॉवर उभा आहे. ज्या रविवारबद्दल मी आजवर माझ्या मुलांनाही धड सांगितलेलं नाही, तो आठवला. आता लिहूनच टाकते.

ती बैठी चाळ. सगळी माणसं कोकणातल्या आमच्या एकाच वाडीतली. एकाने येऊन खोली घेतली, मग त्याच्या मागून त्याचा मेहुणा, मग चुलता, असं करत अख्खी वाडीच बोरिवलीत येऊन बसली होती. वर्षभर आमच्याकडे मासे. पाहुणा आला तर कोंबडी. मटण विकत आणायची पद्धतच नव्हती. मटण म्हणजे वाडीचा बोकड. शिमग्याला एक आणि श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी एक. सगळे मिळून बोकड घ्यायचे, अंगणातल्या जांभळीखाली ताडपत्री बांधून तो कापला जायचा आणि घरटी एक वाटा पडायचा. हे वाटे घालायचे माझ्या बाबांनी. बाबांना सगळे दाजी म्हणत. गिरणी बंद पडल्यावर ते मरोळला पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात लागले होते. बोलायला एकदम कमी. चार माणसांत मोठ्याने हसतानाही मी त्यांना कधी बघितलं नाही. पण वाटे घालायला बसले की साक्षात न्यायाधीश. केळीची पानं ओळीने मांडायची आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं घालायचं: खांद्याचं, मांडीचं, छातीचं, एक चाप, नळीचा तुकडा, काळजाची फोड. आणि मान. मानेचा तुकडा प्रत्येक वाट्यात पडलाच पाहिजे, हा बाबांचा हट्ट. बोकडाला मान एवढीशी, घरं एवढी, पण ते सुरी घेऊन बसायचे आणि पुरवायचेच. कोणी म्हणालं, "दाजी, जाऊ दे रे, एकाद्याक नसली तर काय होता?" तर म्हणायचे, "मान नसली तर तो वाटो न्हय. नुसता मटान."

वाटे घालून झाले की माझं काम. ही पद्धत आता कोणाला माहीतही नसेल, म्हणून सांगते. ज्याने वाटे घातले त्यानेच कुठला कोणाचा हे ठरवलं तर भांडणं होणारच. म्हणून एकाने पाठमोरं उभं राहायचं, पानांकडे अजिबात बघायचं नाही. वाटे घालणारा एकेका पानावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कोणाचो?" आणि पाठमोऱ्या माणसाने तोंडाला येईल ते घर सांगायचं. "परबांचा!" "गावड्यांचा!" "मेस्त्रींचा!" ज्याचं नाव निघेल त्याने मुकाट्याने उचलायचं. हे काम लहान मुलाकडे असतं, पण माझा आवाज खणखणीत आणि नावं पाठ, म्हणून चांगली कॉलेजात जायला लागले तरी मीच. बाबांनी मला एवढंच शिकवलं होतं, आपलं नाव शेवटी घ्यायचं. सगळ्यांचं झालं की शेवटच्या पानाला मी ओरडायचे, "आमचा!" आणि वळून बघायचे. शेवटचं पान आमचं. ते उचलून मी धावत घरी. लहानपणापासून हे एवढ्या वेळा केलं होतं की त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घरी आई वाट बघत असायची. मागच्या पडवीत चूल पेटलेली, वड्यांचं पीठ मळलेलं, सुक्या खोबऱ्याचा भाजल्याचा वास घरभर. वाटा आला की ती पान जमिनीवर ठेवायची आणि बोटांनी एकेक तुकडा चाचपून वेगळा करायची. डोळे मिटूनही तिला कळायचं कुठला कुठला आहे ते. आधी मान आणि नळी. आलं-लसूण, हळद, मीठ लावून जाड बुडाच्या टोपात आणि झाकणावर पाणी. ते झाकणावरचं पाणी कढत झालं की तेच टोपात ओतायचं आणि वर पुन्हा गार पाणी. आत थेंबभरही गार पाणी जाता कामा नये, मटण आखडतं. मान अर्धी शिजली की छाती, मग खांदा, मग मांडी. चाप त्याच्याही नंतर. काळीज तर सगळ्यात शेवटी, वाटण घालून रस्सा उकळला की टाकायचं आणि टोप खाली उतरवायचा. मध्ये कोणी "झालं का गं?" विचारलं की खेकसायची, "माका काय इचारतंस? मानेक इचार." मान शिजली की सगळं शिजलं, हा तिचा हिशोब. ही बाई घड्याळ कधी बघायची नाही. झाकणाला कान लावायची.

आता माझ्या बहिणीबद्दल. सुनंदा माझ्यापेक्षा मोठी. ती मरोळलाच, बाबांच्या कारखान्याच्या पलीकडच्या गल्लीत रेडिओचे सुटे भाग जोडायच्या कारखान्यात कामाला. तिथे तिला व्हिन्सेंट भेटला. गोराईचा. तरीच्या बोटीतून खाडी ओलांडून यायचा, बापाची थोडी शेती, भावाची होडी, आणि मराठी आमच्याहून गोड. सुनंदाने एक दिवस जेवताना सरळ सांगून टाकलं, "मला त्याच्याशीच लग्न करायचंय. गणपतीनंतर." बाबांनी हातातला घास खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि खाल्ला. ते त्यांचं बोलणं. आईने मात्र त्या दिवसापासून सुनंदाशी बोलणं बंद केलं. म्हणजे अगदी बंद. दहा बाय बाराच्या खोलीत तिघी समोरासमोर बसलेल्या असायचो आणि आई मला सांगायची, "बेबी, सांग तुझ्या भैणीक, भात निवता हा." मी सुनंदाकडे वळून सांगायचे, "भात निवतोय." सुनंदा म्हणायची, "आईला सांग, मला भूक नाही." आता हसू येतं, पण तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा. आईने होकार दिला नाही तर सुनंदा घर सोडणार, आणि एकदा सोडलं की हा दरवाजा तिला बंद, हे मला स्पष्ट दिसत होतं. चाळीत कुजबुज सुरू झाली होतीच. नळावर मी गेले की बायकांचं बोलणं तुटायचं.

त्या रविवारी सकाळी मी नेहमीसारखी जांभळीखाली गेले. सगळे पुरुष जमलेले, कोणी नजर देईना, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोकड कापला की माणसं मटणाकडेच बघतात. बाबा खाली मान घालून शेवटचे तुकडे मांडत होते. वाडीत सगळ्यात मोठे तात्या परब खुर्ची टाकून बसलेले. आमच्या चाळीत त्यांचा शब्द शेवटचा. मी पाठ फिरवून उभी राहिले. बाबा विचारत गेले, मी नावं घेत गेले. मला आठवतंय, मी मजेत होते. मेस्त्रींचा अण्णा मागून काहीतरी चेष्टा करत होता त्यालाही मी उत्तर देत होते. सगळी नावं झाली. आता आमचंच राहिलं. बाबांनी विचारायची वाटही न बघता मी सवयीने जोरात ओरडले, "आमचा!" आणि वळले.

पान नव्हतं.

ओळ संपली होती. ओल्या मातीवर पानांचे ठसे आणि शेवटच्या ठशाशी उकिडवे बसलेले बाबा. हातात काही नाही. मला आधी वाटलं, कोणीतरी चुकून आमचा उचलला. मी खुळ्यासारखी म्हणाले पण, "अरे, आमचा कोणी नेला?" मघाशी चेष्टा करणारा अण्णा जमिनीकडे बघत होता. मग तात्या परब खुर्चीतून न उठता म्हणाले, "दाजी, पोरीक सांगूक नाय तू? तुझ्या मोठ्या चेडवान वाडीची मान खाली घातल्यान. तिका आवर, वाटो घराक येतलो. तोपर्यंत नाय." मी जांभळीला धरलं. बाबांकडे बघितलं. वाटे कोणी घातले होते? त्यांनीच ना? म्हणजे सगळ्यांचे वाटे काटेकोर घालून, प्रत्येकात मानेचा तुकडा पुरवून, आमचा तेवढा वाटा माझ्या बापाने स्वतःच्या हाताने घातला नव्हता. मला रागसुद्धा येईना. माणसं आपापली पानं घेऊन गेली. कोणाच्याही पावलांचा आवाज झाला नाही, एवढी हळू गेली.

आम्ही दोघं घरी आलो. बाबा नळावर हात धूत बसले. साबण लावायचे, धुवायचे, पुन्हा लावायचे. बोकडाची चरबी लवकर सुटत नाही. मला राहवलं नाही. "तुम्हाला माहीत होतं?" म्हणाले, "काल सांगलेनी." "मग तुम्ही गेलातच कशाला? घालू द्यायचे होते त्यांना त्यांचे वाटे!" तर हा माणूस मला काय म्हणतो, "दुसऱ्यान घातले असते तर वाकडे झाले असते गो. पोराटोरांच्या ताटात कमी पडला असता." बोला आता! ह्याला चांगुलपणा म्हणायचा की खुळेपणा, मी अजून ठरवू शकलेले नाही. मग नळ बंद करून ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला, "घराक येवन तुमका सांगणार होतंय. पण तू पाठमोरी उभी रवतंस, शेवटी आपला नाव घेतंस, ता माका आठवलाच नाय. तुका आधी सांगूक व्हया होता. चुकलंय मी." त्यांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त माझ्या तोंडाच्या सवयीचा केला नव्हता.

मागच्या पडवीत आईने चुलीवर टोप ठेवलेला. तिने माझे मोकळे हात बघितले. "वाटो खय?" मी सांगितलं. सगळं. तात्या काय म्हणाले तेही. "वाडीची मान खाली घातली, म्हणाले." माझी खात्री होती, आता आई सुनंदावर फुटणार. इतके दिवस गप्प होती, आज तिला कारणच मिळालं होतं. सुनंदा दाराआड उभी राहून ऐकत होती. ती बाहेर आली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "बाबा, तात्यांना जाऊन सांगा, मी नाही करत लग्न. संपलं. माझ्यापायी हे नको." तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. मी तिला तसं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. बाबा उंबऱ्यावर बसले. उठले नाहीत. आईने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला, पदराला हात पुसले आणि मला म्हणाली, "बेबी, पिशवी घे. छत्री घे. चल."

कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. स्टेशनजवळच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढे ही मोठी रांग. श्रावणाच्या आधीचा रविवार, अख्खी बोरिवली तिथे. आई जन्मात पहिल्यांदा खाटकाच्या दुकानात उभी राहत होती. आमचा नंबर आला. खाटकाने सुरी पुसत भराभर विचारलं, "बोलो बाई, क्या देऊं? चाप, रान, सीना, खांदा?" आणि माझी आई मुकी झाली. अहो, जी बाई डोळे मिटून बोटांनी बोकड ओळखायची, तिला निवडता येईना! तिने आयुष्यात कधी निवडलंच नव्हतं. वाट्यात येईल ते घ्यायचं आणि त्याचं सोनं करायचं, एवढंच तिला ठाऊक. ती म्हणाली, "सगळ्यातला थोडा थोडा." खाटीक वैतागला. "ऐसा नहीं मिलता बाई. पीछे लाईन देखो. एक बोलो." मागचे लोक चुळबुळ करायला लागले, कोणीतरी "ओ मावशी, जल्दी करा ना" म्हणालं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई क्षणभर वर टांगलेल्या बोकडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मान द्या."

"क्या मान?"

आईने सरळ स्वतःच्या मानेवर आडवा हात ठेवला. खाटीक आधी दचकला, मग खदाखदा हसला. "गर्दन! ऐसा बोलो ना. सिर्फ गर्दन? बहोत टाईम लगेगा पकने को."

"आमका वेळ आसा," आई म्हणाली. त्याला कळलं नसणार, पण त्याने गर्दन तोडून दिली.

आम्ही परतलो तेव्हा चाळीतल्या प्रत्येक घरातून मटणाचा वास येत होता. वड्यांचा चर्र आवाज, मुलांचा कलकलाट, पाटा-वरवंटा. एरवी त्या दिवशी दुपारी दारं सताड उघडी असायची, इकडची वाटी तिकडे जायची. आम्ही समोरून जाताना मात्र दारं हलकेच लोटली गेली. लोकांना कशी जमतात ही थेरं, मला कळत नाही. ज्या गावडेकाकूंच्या बाळंतपणात माझी आई रात्रंदिवस राबली, त्यांनी खिडकीचा पडदा ओढला. मी बघितलं. आजही गावडेकाकूंचं नाव कोणी काढलं की मला तो पडदाच दिसतो.

आईने मानेचे तुकडे धुतले, मसाला चोळला, टोपात घातले. झाकणावर पाणी. जाळ अगदी बारीक, एका वेळी एक काटकी. नुसती मान म्हणजे नुसता वेळ. मध्ये घालायला छाती नाही, खांदा नाही, काही नाही. एरवी या दिवशी आईच्या हाताला उसंत नसायची. आज तिला करायला काही नव्हतं, फक्त पाणी बदलायचं आणि झाकणाला कान लावायचा. चाळ जेवली. चाळीने ढेकर दिले. चाळ आडवी झाली. आमच्याकडे कोणी जेवलं नव्हतं आणि कोणी भूक लागली म्हणतही नव्हतं. सुनंदा आतल्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसलेली, बाबा उंबऱ्यावर, मी दोघांच्या मध्ये कुठेतरी. आई सुनंदाशी बोलेल म्हणून मी वाट बघत होते. नाही बोलली. तिच्या मनात काय आहे, मला कळायला मार्ग नव्हता. मटण आणलंन म्हणजे तिने तात्यांना झिडकारलं, असं धरावं, तर सुनंदाने लग्न मोडलंच होतं की! तिला फक्त सणाला चूल रिकामी नको होती, असंही असू शकत होतं. चहाच्या वेळेला तिने वाटण घातलं. आणि मग जो वास सुटला! खांद्या-मांडीचा वास वेगळा. मानेचा रस दिवसभर हाडातून झिरपत आलेला असतो, त्याला भाजल्या खोबऱ्याची साथ मिळाली की तो वास भिंतींना ऐकत नाही. जेवून झोपलेली चाळ जागी झाली. एकेक खिडकी उघडली. "दाजीकडे मटान खयचा?" असं कोणीतरी बोललेलं मी या कानांनी ऐकलं.

दिवेलागणीला परबकाकी आल्या. तात्यांची बायको. वाईट बाई नव्हती, नवऱ्याने सांगितलं की यायचं आणि सांगितलं की जायचं, एवढंच. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. दारातच म्हणाल्या, "वैनी, ह्यांनी तुमचो वाटो पाठवल्यानी हा. सणाचो दिवस, वाट्याशिवाय घर बरा दिसणा नाय. सुनंदान फक्त 'मी जाणंय नाय' इतक्या म्हणाचा. चाळीत सगळ्यांका सांगतंय मी. झाला, मिटला." आणि ताट उंबऱ्याच्या आत सरकवलं. सुनंदा उठली. भिंतीला धरून उठली. मला कळलं, ती म्हणणार. ते तीन शब्द ती म्हणणार आणि व्हिन्सेंट, गोराई, तिचं सगळं आयुष्य त्या पानाखालच्या मटणाच्या बदल्यात जाणार, आणि उद्यापासून चाळीतली दारं पुन्हा उघडी. तिने तोंड उघडलं, "काकी, मी—"

"बेबी," आई चुलीजवळूनच म्हणाली, "सांग तुझ्या भैणीक, गप बस म्हणान."

मी सांगायची गरज नव्हती, सुनंदा गप्प झालीच. आई उठून आली. उंबऱ्याशी बसली, पान बाजूला केलं आणि नेहमीसारखी बोटांनी एकेक तुकडा चाचपायला लागली. खांदा. चाप. मांडी. काळजाची चांगली मोठी फोड. काकींचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, आता घेतलंच. आईने शेवटपर्यंत सगळं बघितलं, मग पान होतं तसं झाकलं.

"काकी, ह्येच्यात मान नाय."

"मान सकाळीच संपली गो वैनी," काकी भाबडेपणाने म्हणाल्या. "पण खांदो घातलंय, चाप घातलंय, बरा बरा बघून घातलंय."

"दिसता माका. पण मान नाय. मगे ह्यो वाटो न्हय. ह्या नुसता मटान," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "घेवन जा. तात्यांका सांगा, दाजीच्या घराक मान शिजली हा."

काकींना किती कळलं, देव जाणे. ताट उचलून त्या गेल्या. बाबांचे वाटे, बाबांचा नियम, आणि बोलून गेली ती! आणि बाबा? ते उंबऱ्यावर बसल्या बसल्या हसत होते. मोठ्याने नाही, पण खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी. तेवढ्या एका दिवसात मला किती धक्के बसले म्हणून सांगू. सकाळपासून एकेका माणसाची मी लावलेली ओळखच चुकत गेली होती. आई लग्नाला होकार देईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि तिने तो असा दिला, की होकाराचा शब्दसुद्धा उच्चारला नाही.

तिने पानं मांडली. भात वाढला, वडे ठेवले. टोपाचं झाकण काढलं. मी पळा घालून मानेचा तुकडा उचलायला गेले तर मटण हाडावरून आपोआप सुटलं. पहिला तुकडा कोणाच्या पानात वाढायचा ते मला समजेना, म्हणून मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती सरळ कोपऱ्याकडे बघत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने मला मध्ये घातलं नाही.

"सुनंदा," ती म्हणाली, "जेव. निवता हा."